भुशाचं कारण

लेकीची सोयरीक जुळवताना पाहुण्यांनी विचारलं, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन कशानं झालं. मी मान खाली घालून सांगितलं, सोयाबीन काढताना मशीनचा भुसा उडून डोळ्यात गेला. आमच्याकडे असं होतं, म्हणून कोणी जास्त विचारलं नाही. खरं तर माझ्या आईचे डोळेही असेच पांढुरके होत गेले होते. खानदानी आजार म्हटलं असतं, तर पाहुणे चहा पिऊन उठले असते.

मला कुण्या मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं होतं. बरीच वर्षं छान दिसलं. सुईत दोरा ओवता यायचा. मागच्या वर्षी परत धुकं आलं. डॉक्टर म्हणाले, "बुबुळ दुसऱ्याचं असलं तरी आजार तुमच्या रक्तातला आहे. तो नव्या बुबुळावरही येतो. मुलीचे डोळे दाखवून घ्या."

मी हो म्हटलं. घरी येऊन लेकीला फोन लावायची, पीकपाण्याचं बोलायची आणि ठेवून द्यायची.

दिवाळीच्या आधी तिच्या सासरी, रिसोडकडे गेले. शेतात सोयाबीन काढणं चालू होतं. लेक काळा गॉगल लावून मशीनखाली पोतं धरून उभी. नणंद हसत होती, "वयनी, शूटिंगले निंगाली काय वो?"

"हास तू. माह्या मायचा डोया भुशानंच गेला. आता माह्या डोयातही खडा गेल्यावानी टोचून राह्यलं."

विहीण मला म्हणाली, "मी तं रोज सांगतो, मशीनपाशी जाऊ नको. तुमीच सांगा, इनबाई."

मशीन थांबलं तेव्हा मी बोलले. "भुसा नव्हता गेला." मग आईचे डोळे, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं सांगितलं.

विहीण म्हणाली, "अन् आमाले काहून नाही सांगतलं?"

लेक म्हणाली, "तुमचं राहू द्या. मले काहून नाही सांगतलं?"



दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं वाशीमला गेलो. डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले. बुबुळावर माझ्यासारख्याच बारीक रेषा निघाल्या. ऑपरेशन आत्ता नको म्हणाले, पण दर सहा महिन्यांनी दाखवायचं. येताना तिनं मला खिडकीजवळ बसवलं, माझी पिशवी मांडीवर घेतली. रस्ताभर 'माय' म्हणून हाक मात्र मारली नाही.