शिशाच्या बोटांनी खाल्लेले बदाम

केशवापुरातल्या बॅटरीवाल्या अण्णांची स्मरणशक्ती सुधारण्याचं पुण्यकर्म मी केलं, हीच माझी चूक. सत्तरीतले अण्णा दिवसभर जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवत आणि हल्ली माझं नाव विसरत. मी ऐटीत बदाम नेऊ लागलो.

"अण्णा, डोकं चार्ज करा."

"आधी तुमची बॅटरी बघतो री," असं कानडी वळणानं म्हणत ते मला बदाम देण्याआधी हात शर्टाला पुसत. स्वतः मात्र राखाडी बोटांनीच खात.

मग अण्णांना तपासून डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं भरलंय, विसरणं त्यानंच असेल. हात न धुता काही खाऊ नका.

काल साबण घेऊन गेलो. "अण्णा, चुकलो. बदाम दिले, पण हात धुवा म्हणालो नाही."

"कसले बदाम री?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि पुन्हा माफी मागितली.