टेंभुर्णीला पोचवलेला जवाब

नाशिक रोडहून जालन्याची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोड कपडे, एक पाण्याची बाटली आणि मोबाइलमध्ये एक अर्धवट गाणं होतं. गाण्याचा उरलेला अर्धा भाग आणायला मी निघाले होते.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा सभांमधून पत्रकं वाटायचे, आई ती लिहायची आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. अशाच एका सभेहून बाबांनी एक कॅसेट आणली होती. मराठवाड्यातल्या कुठल्याशा जत्रेतला शाहिरांचा सामना कुणीतरी टेपवर उतरवून घेतला होता. कॅसेटवर दुकानाचं नाव ठळक आणि गाणाऱ्यांची नावं मात्र नाहीत. या गोष्टीचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

पण ते गाणं! डफ, तुणतुणं आणि त्यांच्या जोडीला ऑर्केस्ट्रावाल्यांकडून आणलेला विजेचा बेंजो. आवाज घुमवणारं यंत्र लावलेलं, त्यामुळे बाईचा एकेक शब्द भोंग्यातून निघून लांब कुठेतरी आदळायचा आणि परत यायचा. शहरातले रसिक अशा संगीताला सायकेडेलिक म्हणतात, म्हणजे डोकं जाग्यावर राहू न देणारं. परदेशातली त्या काळची तशी गाणी मी पुढे कॉलेजात पुष्कळ ऐकली. माझ्या आवडीच्या यादीत पहिली जागा मात्र या बाईचीच राहिली. ती गायची:

*नदी चढते डोंगर उलटी, पाणी वरती जाय,*
*राजा निजला डोई खाली, छताला टेकून पाय;*
*दार नाही त्या नगराला, ना खिडकी, ना वेस,*
*सांग रं सांडू, कोण तो राजा, कोणता त्याचा देश?*

एवढा सवाल झाला की खर्रकन आवाज यायचा, लोकांचा गलका व्हायचा आणि कॅसेट संपायची. जवाब नाहीच. लहानपणी मी कितीदा तरी कॅसेट उलटी करून पाहिली होती.

मागच्या वर्षी एका छोट्या मासिकात मी या गाण्यावर लिहिलं. आठवडाभरात जालन्याहून फोन आला. "मी रशीद बोलतो, कपड्याचं दुकान आहे आपलं. तुमच्या गाण्यातले सांडू शाहीर हयात आहेत ना! रोज माझ्याच दुकानासमोर बसतात."

जुन्या जालन्यात रिक्षा एका मर्यादेपर्यंतच जाते. पुढे धान्याची पोती, हमाल, दुचाक्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. हवेत मिरचीचा खकाणा होता. शिंकत शिंकतच मी रशीदभाईंच्या दुकानात शिरले.

"आओ, बसा," ते म्हणाले. "शिंक आली म्हणजे जालना लागलं बराबर."

समोरच्या ओट्यावर पांढरा शर्ट घातलेले, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले एक म्हातारे बसले होते. तेच सांडूबाबा. ते दुकानात आले, गादीवर मांडी घालून बसले आणि माझ्याकडे नीट पाहून काहीतरी बोलले. ओठ हलले, आवाज आला नाही. मी पुढे सरकले तेव्हा पुटपुटणं कानावर आलं. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला होता. उरली होती ती फक्त हवा.

मी मोबाइलवर गाणं लावलं. सांडूबाबांनी डोळे मिटले आणि बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला. शेवटची खर्र आली तेव्हा ते हसले.

"लाइट गेल्ती," ते पुटपुटले. "टेंभुर्णीची जत्रा होती. लोक म्हणले, लाइट गेली म्हणून सांडू वाचला. खरं होतं ते. मला जवाब येतच नव्हता. रातभर त्या शेवंताबाईनं पुराणातले सवाल टाकले, मी बी पुराणातच धुंडून राह्यलो. अन् जवाब सापडला सकाळी, बैलगाडीत. लय सोपा होता. सोपा सवालच माणसाला मारतो, पोरी."

"मग जाऊन सांगितला का नाहीत?"

"भरल्या मैदानात केलेला सवाल. त्याचा जवाब काय चहा पिता पिता द्यायचा? पुढल्या जत्रेला देतो म्हणलं. पुढल्या जत्रेला तिची पार्टी दुसरीकडं गेली. मंग पार्ट्याच मोडल्या. मंग हे." त्यांनी मफलरला हात लावला. "ती हाय अजून टेंभुर्णीत. थकली, म्हणतेत. मी जायच्या आधी, न्हाई तर ती जायच्या आधी, जवाब पोचला पायजे. न्हाई तर सांडू हरला हेच खरं राहील."

मी लगेच उपाय सुचवले. जवाब लिहून द्या, मी वाचून दाखवते. फोन लावू. रशीदभाईंनी मान हलवली, त्यांना पुढचं ठाऊक असावं.

"जवाब वाचत नसतेत," सांडूबाबा म्हणाले. "गात असतेत. शाहिराला जमत नसलं तर त्याच्या पार्टीतला झील (मागे सूर धरणारा साथीदार) गातो. माझे सगळे झील गेले. चाल तुला येती. तूच गा."

मला गाता येत नाही. मोर्च्यात घोषणा देणारा माझा आवाज, त्याला चढउतार ठाऊक नाहीत. हे सगळं मी सांगून पाहिलं. रशीदभाई म्हणाले, "इथं दुकानात गा की. कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये आवाज बाहेर जात नाही. बेसूर झाला तर आम्हीच दोघं मरू."

असा तो दिवस गेला. गिऱ्हाईक आलं की मी थांबायची, गेलं की पुन्हा सुरू. सांडूबाबा ओठांनी ओळ द्यायचे, मी गायची, चुकलं की ते माझ्या मनगटावर टिचकी मारायचे. दुपारी रशीदभाईंच्या घरून डबा आला: ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाचं तिखट कालवण). त्या तिखटानं माझा आवाज थोडा मोकळा झाला, असं दोघांचंही मत पडलं. संध्याकाळपर्यंत मला जवाब पाठ झाला:

*आईचं पोट ते नगर, बाई, तिथं न दार, न वेस,*
*नाळ ती नदी, गर्भ तो राजा, नऊ महिन्यांचा देश.*

इथपर्यंत मी खुशीत होते. पण पुढे आणखी दोन ओळी होत्या. जवाब दिल्यावर शेवटी समोरच्याला टोचायचं, अशी रीत. सांडूबाबा त्याला चिमटा म्हणायचे.

*कोडं घालते शहाण्यावानी, डफ धरून हाती,*
*चूल घरची विझली, बाई, भाकर कोण गं थापती?*

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते लहान मुलासारखे खूश दिसत होते. मी त्या ओळीही पाठ केल्या, पण माझी खुशी ओसरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाफ्राबादकडची एसटी मिळाली. शहर संपलं तशी लोखंडाच्या कारखान्यांची धुरांडी मागे पडली आणि कापसाची शेतं लागली. वेचणीला आलेल्या बायका ओळीनं वाकलेल्या, कमरेला ओट्या बांधलेल्या. मधूनच मोसंबीची बाग, मग हरभरा, मग पुन्हा कापूस. हवा गार होती, आभाळ स्वच्छ होतं, आणि मी मात्र त्या दोन ओळींशी भांडत होते.

बाबांनी मला एक नियम शिकवला होता. ज्या वाक्याखाली सही करता येणार नाही ते माइकवर बोलायचं नाही. एका बाईनं आयुष्यभर डफ वाजवला, तिच्या म्हातारपणी तिच्या अंगणात जाऊन मी तिला चूल आठवून देऊ? हे माझ्या तोंडून निघणार नव्हतं. त्या दोन ओळी गाळून मी तिथे माझ्या दोन ओळी बसवल्या आणि त्या हळू आवाजात म्हणून पाहिल्या. हळू आवाज मला जमत नाहीच. कंडक्टर तिकिटाचं यंत्र घेऊन शेजारी उभा राहिला.

"कोणत्या पार्टीचा प्रचार हाय, ताई? इलेक्शन तर न्हाई सध्या."

मागच्या बाकावरचे सगळे हसले. मी खिडकीबाहेर कापूस पाहू लागले, आणि त्या नादात टेंभुर्णीच्या पुढे गेले. कंडक्टरनंच आठवण करून दिली आणि रस्त्यावर उतरवलं. उन्हातून चालत मागे आले.

शेवंताबाईंचं घर सांगायला कुणाला विचार करावा लागला नाही. "डफवाली आजी ना? त्या लिंबाखाली." अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली, शेजारी बाजेवर उन्हात एक उंच, हाडकुळी म्हातारी शेंगा फोडत बसलेली. कपाळावर गोंदण, कानावर रुमाल.

"कोण म्हणायचं, माय?"

"मी सांडू शाहिरांची झील," मी म्हणाले. असं म्हणायचं, हे मला शिकवून पाठवलं होतं.

शेंगा फोडणारे हात थांबले. मग त्यांनी आत हाक मारली, "सुमन, ए सुमन! गूळ-पाणी आण. अन् बस इथं तू बी. सांडूला शेवटी तोंड फुटलं."

सून पाणी घेऊन आली आणि उंबऱ्यात बसली. चहा झाला, शेंगा झाल्या, सांडूबाबांच्या घशाची गोष्ट झाली. ती ऐकताना शेवंताबाईंनी रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "हं. उभी राहा. बसून जवाब देत नसतेत."

मी लिंबाखाली उभी राहिले आणि गायले. आवाज फाटला, पण ओळी सुटल्या नाहीत. *नऊ महिन्यांचा देश* आलं तेव्हा शेवंताबाईंनी बाजेच्या लाकडावर थाप मारली. "बराबर! बिलकुल बराबर. पुढं?"

पुढं मी माझं गायले:

*स्त्री-पुरुष ही दोन चाके, समतेची ही वाट,*
*चला शाहिरांनो, उगवू आपण नवी उद्याची पहाट.*

सुमनबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागल्या.

"हे काय हाय?" शेवंताबाई म्हणाल्या. "हे तर शाळेच्या भिंतीवर लिवलेलं असतंय. सांडूचा चिमटा कुठाय?"

"आजी, तो बरोबर नव्हता. मी काढला."

"काढला? कुणाला विचारून?"

"त्यात तुमचा अपमान होता."

"माझा अपमान हाय का न्हाई, ते तू बसमधी बसून ठरवून आली व्हय गं?" त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "चुलीवर होता ना? चुलीवरच असणार. त्या साली सगळे गडी चुलीवरच यायचे, अन् सांडूला तर दुसरं काही येतच नव्हतं. त्या रातीच मी त्याच्या चिमट्याला उलटा चिमटा बांधून ठेवला होता. तवा लाइट गेली. इतकी वर्सं तो तोंडात घेऊन बसले मी. अन् आता तू म्हणती, चिमटा काढला. मंग मी उत्तर कुणाला देऊ? पहाटेला?"

सुमनबाईंना आता हसू आवरेना. मी खाली पाहिलं, आणि मग पुन्हा नीट उभी राहिले. जसं शिकवलं होतं तसं, शब्दाला शब्द, मी सांडूबाबांचा चिमटा गायले. *भाकर कोण गं थापती*वर आवाज वर न्यायचा होता. तो नेला.

शेवंताबाई हसल्या त्या ठसका लागेपर्यंत. मग म्हणाल्या, "सुमन, डफ काढ."

खुंटीवरचा डफ आला. कातडं सैल पडलं होतं, थाप मारली तर ओल्या पुठ्ठ्यासारखं वाजलं. शेवंताबाई बाजेवरून उठल्या, चुलीपाशी उकिडव्या बसल्या आणि डफ जाळावर धरून हळूहळू फिरवू लागल्या. मधूनच बोटानं टिचकी मारायच्या, कान लावायच्या, पुन्हा फिरवायच्या. कातडं ताणत गेलं. शेवटी टिचकीला टणक आवाज आला. त्या उठल्या, डफ छातीशी धरला आणि गायल्या. आवाज पातळ झाला होता, पण टेपवरचाच होता. घुमवायला यंत्र नव्हतं.

*विझली न्हाई चूल, शाहिरा, लाल अजून जाळ,*
*तिच्यावरती डफ शेकला, मोज आता ताल!*

शेवटच्या शब्दावर पडलेली थाप मला पायाखाली जाणवली. मी मोबाइल काढला तसा त्यांनी हात आडवा केला. "ठेव ते. सांडूची झील हायेस ना? मंग तोंडात घेऊन जा. अन् एक शब्द जरी बदलला तर बघ."

जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्याच चुलीवर सुमनबाईंनी भाकरी टाकल्या, ठेचा झाला, वर तेल. शेवंताबाईंनी मला त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या, घास तोंडात असतानाही.

परतीच्या एसटीत तोच कंडक्टर होता. मी आपणहून गाणं म्हटलं. त्यानं तिकिटाच्या यंत्रावर ठेका धरला आणि म्हणाला, "आता बरं हाय. सकाळचं कायतरी वेगळंच होतं."

रशीदभाईंच्या दुकानात दिवे लागले होते. सांडूबाबा ओट्यावर उभेच होते. त्यांना दुकानात गादीवर बसवून मी आधी सांगितलं, की जवाब मान्य झाला. त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. मग मी शेवंताबाईंचा उलटा चिमटा गायले. गठ्ठ्यांनी आवाज गिळला, पण त्यांच्यापर्यंत पोचला. सांडूबाबांचे खांदे हलू लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड पूर्ण उघडं होतं. आवाज नसलेलं ते हसू मला आधी कळलंच नाही.

"हरलो," ते पुटपुटले. "काय हाणलंय बाईनं! आता बराबर हरलो."

रशीदभाईंनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी माझ्या दोन ओळींची गोष्टही सांगून टाकली. त्यावर सांडूबाबा पुन्हा हसले आणि त्यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली, चुकल्यावर मारायचे तशी.

घरी आल्यावर आई-बाबांना बसवून मी सगळं गाणं म्हटलं: सवाल, जवाब, चिमटा, उलटा चिमटा. बाबांनी लगेच कागद ओढला. "हे छापू या. गाणाऱ्यांची नावं मोठ्या टायपात. पण ते चुलीचं... लोक काय म्हणतील?"

"ते असल्याशिवाय पुढचं येत नाही," मी म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहून घेतलं.

तर हे गाणं आता पूर्ण आहे, वर दिलंय तसं, दोघांच्याही नावानं. माझ्या दोन ओळी त्यातून मी काढल्या आहेत. त्यांच्याखाली सही करायला मी आजही तयार आहे. पण त्या कुणी गाणार नाही.