गोलमागची माणसं

सर्जेराव गेल्याचं मला अबुधाबीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कुणाच्या तरी विकायला काढलेल्या सोफ्याचा फोटो आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी यांच्या मधोमध तो आला. डाव्या कोपऱ्यात गुलाब, उजव्या कोपऱ्यात समई, मध्ये गोलकीपरच्या जर्सीतला सर्जेराव आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. कामाला निघालेल्या कंपनीच्या बसमध्येच त्याच्या छातीत दुखायला लागलं होतं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी अजून तो फोटोच बघत होतो, तेवढ्यात खाली कुणीतरी त्या घोषणेची पहिली ओळ टाकली. दुसऱ्याने दुसरी. मग चढाओढ लागली. चौथ्या ओळीपुढे एकाने जोडलेल्या हातांचं चित्र ठेवलं होतं. माणूस अजून शवागारात होता…

ती घोषणा मी इथे देणार नाही. संपादकांना अडचणीत आणायचं नाही, आणि मला ती लिहायचीही नाही. चार ओळी आहेत, हलगीच्या ठेक्यावर बसवलेल्या. पहिल्या दोन ओळींत सर्जेराव, तिसरीत शेंगावाली, चौथीत तिचा दर. शेंगावाली म्हणजे त्याची आई. नवरा सोडून गेल्यावर ती कोल्हापुरात मैदानाच्या फाटकाबाहेर पाटीत भाजक्या शेंगा घेऊन बसायची, त्यामुळे फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. कोल्हापुरात फुटबॉल बघत नाही असा माणूस शोधावा लागतो. तिथे तालमींचे संघ असतात, पेठापेठांत वैर असतं आणि ते वैर पिढ्यानपिढ्या जपलं जातं. सर्जेराव गोलकीपर झाला आणि समोरच्या पेठेला मजकूर आयता मिळाला.

आमची ओळख अबुधाबीच्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये झाली. तो वेल्डिंगचा फोरमन आणि मी क्वालिटीवाला, म्हणजे त्याच्या कामात चुका काढण्याचा पगार घेणारा. तरीही आमचं जमलं. मी पुण्याचा, फुटबॉलशी संबंध शून्य. त्याने मला एका सुट्टीच्या दिवशी ओढत टर्फवर नेलं. त्याच्या संघात मलबारी होते, फिलिपिनो होते, दोन गोवेकर होते. बघायला मात्र कोल्हापूरकरांची गर्दी. आठवडाभर एकाच कँपात राहणारी, एकाच पातेल्यातलं जेवणारी ही माणसं मैदानाच्या कडेला आली की पुन्हा दोन पेठांत वाटली जायची. त्यातली एक पेठ सर्जेरावच्या गोलमागे जाऊन उभी राहिली आणि सुरू झाली.

मला शब्द नीट कळले नाहीत, ठेका मात्र कळला. मलबाऱ्यांनाही कळला. त्यांनी टाळ्या धरल्या. फिलिपिनो पोरांनी तर पहिल्या दोन ओळी पाठच केल्या. आपल्या गोलकीपरचं इतकं छान गाणं आहे याचा त्यांना कोण आनंद! सर्जेरावने मागे न बघता एक हात वर केला. गर्दीने जल्लोष केला.

परतताना गाडीत मी अर्थ विचारला. त्याने सिग्नलकडे बघत सांगितला.

“मग हात कशाला वर केलास?”

“न्हाई केला तर जास्त म्हणत्यात,” तो म्हणाला. “पहिल्या मॅचला रडलो होतो. तवा पूर्ण हाफभर म्हणत होते. गोलकीपरला पळून जाता येत न्हाई, साहेब. बाकीचे दहा लांब जात्यात.”

आता कुणी म्हणेल, हा सर्जेराव स्वतः काय अभंग गात होता? मुळीच नाही. वर्कशॉपमध्ये त्याचं एक वाक्य शिवीशिवाय पुरं व्हायचं नाही. हेल्परांना तो आईवरून हाक मारायचा आणि हेल्पर आईवरूनच ओ द्यायचे. मी त्याला एकदा चिडवण्यासाठी विचारलं, की मग फरक काय रे? त्याने हेल्मेटची काच वर केली. “ह्यो रांडचा मला उलटी शिवी देतोय की. संध्याकाळी संगं चा पितोय. मैदानात ते एवढे, मी एकटा. मी कुणाला देऊ?” संस्कृती, संदर्भ, लोकभाषा या विषयावर मी बरीच जाड पुस्तकं वाचली आहेत. इतकं नेमकं उत्तर त्यांत सापडल्याचं आठवत नाही.

ही घोषणा बंद करावी असा ठराव मंडळाच्या बैठकीत मीच मांडला. आमचे अध्यक्ष दादासाहेब कोल्हापूरचेच. अबुधाबीत मोठ्या हुद्द्यावर, भाषणाआधी फेटा बांधणारे आणि फेटा बांधल्यावर भाषण केल्याशिवाय न उतरवणारे.

“अहो, तुम्ही पुणेकर,” ते हसून म्हणाले. “आमच्या मातीतला रांगडेपणा तुम्हाला नाही झेपायचा. आमच्यात शिवी ही ओवी असते, ओवी! आणि इथं कळतंय कुणाला?”

“ज्याला ऐकवायची त्याला कळतं ना.”

“त्याला आवडतंय! हात वर करतोय की गडी.”

ठराव बारगळला, चहा आला. चहाबरोबर दादासाहेबांनी त्या आठवड्यातला स्वतःचा पराक्रम सांगितला. मुसफ्फाच्या रस्त्यावर एका पिकअपवाल्याने त्यांना आईवरून काहीतरी म्हटलं होतं. दादासाहेबांनी गाडीचा नंबर टिपला आणि थेट पोलीस चौकी गाठली. “तो म्हणतोय, साब, हमारे गाँव में तो भाई को भी ऐसेच बुलाते हैं. मी म्हटलं, तुझं गाव तुझ्या घरी ठेव. ही यूएई आहे. हात जोडून माफी मागायला लावली, तेव्हाच सोडला!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पिकअपवाल्याच्या मातीतला रांगडेपणा कुणालाच झेपला नव्हता.

सर्जेरावची आई एकदा व्हिजिटवर आली होती. लहानशी, काटक बाई. काचेच्या बाल्कनीत पाय पसरून बसलेली. सर्जेराव त्या महिन्यात एकही मॅच खेळला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाली दूध आणायला गेला होता. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, “गुडघ्याला काय धाड भरलीया? मला मैदानावर न्यायचं न्हाई म्हणून सोंग हाय. त्येला वाटतंय मला ठावं न्हाई. आरं बाबा, मी फाटकातच बसायची की. समदं ऐकू यायचं. म्हणून म्हणून पोरांचा घसा सुकला की हाफटायमाला माझ्याकडंच यायचे. मावशी, शेंगा द्या…”

“आणि तुम्ही द्यायचात?”

“मग? पाटी घेऊन घरला जाऊ?”

दार वाजलं. ती लगेच दुधाच्या भावाबद्दल बोलू लागली. तो महागाई दिरहॅमात सांगत होता, ती रुपयांत करून तोंडावर हात ठेवत होती.

माती गावाला झाली. पंधरवड्याने सर्जेरावची बायको सुनीतावहिनी आणि मुलगी ईशा अबुधाबीला परत आल्या, कारण ईशाची बारावी. आल्या आल्या मंडळाने शोकसभा ठरवली आणि सभेसाठी व्हिडिओ करायचं काम ईशाने आपणहून मागून घेतलं. मी घरी गेलो तर ती लॅपटॉप उघडून बसलेली. घरातलं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. “काका, शेवटी डॅडचं साँग ठेवलंय. एव्हरीवन विल जॉइन इन.” तिने बटण दाबलं. हलगी सुरू झाली. त्या ओळींतले शब्द त्या घरात एरवी कधी उच्चारलेच गेले नव्हते, त्यामुळे त्यांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. लहानपणापासून तिला ते बाबांचं, शेंगांचं, काहीतरी गमतीचं गाणं वाटायचं. आंघोळ करताना म्हणायची. सर्जेराव ते बाहेर बसून ऐकायचा.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. गॅस बंद करून आल्या होत्या.

“ईशू, ती शेंगावाली म्हणजे आजी.”

“आय नो, आजी शेंगा विकायची. सो?”

मग वहिनींनी तिला अर्थ सांगितला. मराठीत सांगणं त्यांना जमेना, म्हणून इंग्रजीत. पहिल्या दोन ओळी झाल्या. तिसरीला त्यांना शब्द सापडेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नको म्हणून हात केला आणि स्वतःच, मोडक्या इंग्रजीत, सासूबद्दलची ती ओळ आणि पुढचा दर पोरीला समजावला. मी पाण्याचा ग्लास धरून बसलो होतो.

ईशाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “ते सगळे अंकल्स… दे केम टू माय बर्थडे.”

सभेत तिचा व्हिडिओ दाखवला गेला, शेवटची दोन मिनिटं आवाजाविना. आवाज गेला असं समजून दोघेजण वायरी तपासायला धावले. दादासाहेबांनी मात्र प्रसंग ओळखला. फेटा सावरला, माइक घेतला. “आपल्या वाघाला आपण आपल्याच पद्धतीनं निरोप देऊ,” म्हणाले आणि पहिली ओळ स्वतः म्हटली. त्यांचा आवाज चांगला आहे. सभागृह उठून उभं राहिलं. दुसऱ्या ओळीला वहिनी उठल्या, ईशाचा हात धरला आणि खुर्च्यांमधून वाट काढत दाराकडे गेल्या. वाट देणारे बाजूला होताना म्हणतच होते. चौथी ओळ संपल्यावर दादासाहेबांनी माइकवरून सांगितलं, की वहिनींना भरून आलं आहे, आपण समजू शकतो. मग दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. ती शांतता उत्तम पाळली गेली.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. हॉलमध्ये टीव्हीवर युरोपातली कुठलीशी मॅच लागली होती, आवाज बंद. सर्जेराव मॅच नेहमी अशीच बघायचा. कॉमेंट्रीवाले गाढव असतात, म्हणायचा, आणि घरात सगळ्यांना ते पटलं होतं. सोफ्याच्या ज्या टोकाला तो बसायचा तिथे आता कुणी बसत नाही. वहिनी घडी घातलेले कपडे ठेवतात. ईशा खाली गालिच्यावर बसून बघत होती. कॉर्नर होता. गोलकीपर ओरडून बचावपटूंना जागा दाखवत होता आणि त्याच्या मागे, जाळीपलीकडे, गर्दी हात नाचवत एकसुरात काहीतरी म्हणत होती.

ईशाने रिमोट उचलला आणि आवाज चालू केला. हॉल एकदम भरून गेला. सुरेख चाल होती.

“काका, व्हॉट आर दे सिंगिंग?”

“ती भाषा मला येत नाही गं.”

ती थोडं ऐकत राहिली. कॅमेरा जवळ गेला तेव्हा तिने गोलकीपरच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि आवाज पुन्हा बंद केला.