मध्ये सोडलेली ओळ

"ताई, लॉगबिग नंतर बघा. रिपोर्टमध्ये 'युजर एरर' लिहा ना, विषय संपवा," आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा मॅनेजर रोहन म्हणाला.

विषय असा संपणारा नव्हता. मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये एके सकाळी पेशंटची यादी कोरी निघाली. बॅकअप घालेपर्यंत दुपार झाली. तोवर पहिल्या पाळीचे पेशंट घरी पाठवलेले. त्यातले एक आजोबा दुसऱ्या दिवशी वारले. ठपका आला सुरेखावर. भांडुपची ही बाई तिथली ऑपरेटर. तिची नोकरी आमच्या रिपोर्टवर अडकलेली.

यादीचा कन्सोल मी लिहिलेला. मी कॉलेजात नाही हो शिकले, चुका करत शिकले. कन्सोलमध्ये तुम्ही हुकूम टाइप करता, तो मशीनला कळेल असा बदलला जातो, म्हणजे कंपाइल होतो, आणि तिथल्या तिथे चालतो. 'अमुक असेल तर' असा हुकूम आला की कन्सोल पुढच्या ओळींची वाट बघतो. हुकूम संपला कधी, हे त्याला कसं कळणार? मी नियम केला: रिकामी ओळ आली की संपला.

लॉगमध्ये, म्हणजे मशीन ठेवतं त्या नोंदीत, सुरेखाचा हुकूम जसाच्या तसा होता. 'पेशंटने सेंटर सोडलं असेल तर फाइल बंद कर.' मग रिकामी ओळ. मग, 'पाळी काढून टाक.' रिकाम्या ओळीवर माझ्या कन्सोलने अट तिथेच संपवली. खालची ओळ सुटी पडली आणि सगळ्यांना लागू झाली. वाट लागली.

मी सुरेखाला फोन केला. "मध्ये ओळ कशाला सोडलीस गं?"

"आधी वॉर्डात होते, तिथे रजिस्टरात आम्ही सोडायचोच ना ताई, सिस्टरच्या सहीला. हातच तसा बसलाय. का हो?"

रोहन म्हणाला, "ओळ सोडू नका असं मॅन्युअलमध्ये आहे ना?"

"आहे. मीच लिहिलंय. तू वाचलंस का रे?"

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: दोष सॉफ्टवेअरचा, नियम माझा. खाली सही केली.

सेंटरने रिपोर्ट ठेवून घेतला. सुरेखाच्या जागी तोवर दुसरी आली होती. सुरेखाला सांगितलं, तर म्हणाली, "नोकरीचं जाऊ दे. त्या आजोबांच्या मुलीला कळवाल? ती रोज मला फोन करून रडते."

कळवलं. आता ती मला फोन करते. मी उचलते.

कन्सोल हल्ली 'संपलं' लिहिल्याशिवाय काही चालवत नाही. आणि टेस्टिंगला मी इंजिनिअर बसवत नाही, आयुष्यभर रजिस्टर लिहिलेली बाई बसवते. हे आधी करायचं असतं.