पत्रिकेतून गेलेलं नाव

हे मी अजून कुणाकडे बोललेले नाही — आईकडेसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, पण तोंड पाडून सांगणार नाही.

भोरला मुनीरभाईंच्या छापखान्यात मी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते. आमच्याकडे पत्रिका म्हणजे निम्मी नावंच. कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं यावरून भरल्या पंगतीतून माणसं उठलेली आहेत. म्हणून ब्राउझरमध्ये मी एक एक्स्टेंशन घातलं होतं. गावाची दोन अक्षरं टाइप केली की त्या भावकीची नावं मानाप्रमाणे आपोआप उमटायची. आमच्या पासली गावाचीही होती. सगळ्यात वर थोरले काका, माझ्या वडिलांचे मोठे भाऊ.

याच थोरल्यांनी ताईच्या लग्नात कच्च्या प्रतीवरून आईचं नाव पेनानं खोडलं होतं. का? तर ती विधवा! तिनं राब राब राबून पोरगी वाढवली, आणि पत्रिकेत तीच नाही. आई गप्प बसली. मीही बसले — ते मला अजून सलतं.

मग ऐन लग्नसराईत दुकानातला कॉम्प्युटर बसला. मुनीरभाईंनी कपाळाला हात लावला. नवी डिस्क टाकली, एक्स्टेंशन पुन्हा घातलं, मी माझ्या खात्यानं आत शिरले — आणि सिंकमधून, म्हणजे खात्यात साठलेल्या प्रतीतून, एकेक गाव परत आलं. आंबवडे, शिवरे, पासली. काना-मात्राही हललेला नव्हता. मुनीरभाई चहा सांगायला गेले होते. मी पासली उघडली आणि सगळ्यात वरचं नाव पुसलं. एका जागी पुसलं की सिंक ते सगळीकडून पुसतं.

पुढची पत्रिका धाकट्या काकांच्या मुलाची होती. धाकटे म्हणजे भावांत शेवटचे. प्रूफ मी त्यांच्या मोबाईलवर पाठवलं, त्यांनी ‘छान’ म्हणून कळवलं. पत्रिकेत माणूस आपलं नाव बघतो आणि नवरा-नवरीचं — बाकीचं कोण वाचतं? हे मला पक्कं ठाऊक होतं.

थोरले लग्नाला आले नाहीत. कॉम्प्युटर बसला त्यात नाव गेलं, असं मी सांगितलं. मुनीरभाई बिचारे पासलीला जाऊन हात जोडून आले. थोरल्यांनी ऐकलं नाही. मशीन एकच नाव कसं खाईल? हे भावानंच केलं, असं त्यांनी धरलं आणि धाकट्यांशी बोलणं टाकलं. एकाच अंगणात दोन दारं, आणि दोघे पाठ फिरवून बसतात.

थोरल्यांचं मला वाईट वाटत नाही. आजही नाही. पण धाकटे? बाबा गेल्यावर न सांगता आमच्या ओसरीवर तांदळाचं पोतं आणून ठेवणारे ते. बोट त्यांच्याकडे जाईल हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. त्याच भावकीत वाढलेय मी.

परवा ते मुलीच्या पत्रिकेसाठी आले. खुर्चीच्या कडेला टेकले.

“दादाचं नाव वर टाक बरं का, पोरी. तवा म्याच नीट बघितलं न्हाई. चूक माजीच हाय.”

दुकानात आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती?

“व्हय,” मी म्हटलं. “प्रूफ नीट बघत जावा, काका.”

त्यांनी मान खाली घातली आणि व्हय म्हणाले.