सदतीस नावांचा गट

घणसोली गावच्या राजश्री मढवीला कुणी ‘तुमच्या प्रोग्रॅममध्ये बग आहे’ म्हटलं, की बाई आधी भांडते, मग बघते. आणि बग खरंच सापडला, तर इतकी खूश होते की समोरच्याला कळेना, ही जिंकली की हरली!

बेलापूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती सहा वर्षं डेटा एन्ट्री करत होती. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात सी भाषेचं पुस्तक. अकरा वर्षांपूर्वी कंपनीचा लॉगिन प्रोग्रॅम अधूनमधून भलत्याच माणसाला आत घ्यायला लागला. मोठमोठे इंजिनिअर डोकं खाजवत बसले आणि खोट काढली राजश्रीने. कोण कुठल्या गटात आहे ती नोंद आणणारं जुनं फंक्शन मेमरीतली एकच सामायिक जागा वापरायचं. दोघांनी एकदम विचारलं की दुसऱ्याची नोंद पहिल्याच्या नोंदीवर! तिने सुरक्षित फंक्शन आणलं, त्याला ज्याची त्याची वेगळी जागा द्यावी लागते. त्या दिवसापासून ती प्रोग्रॅमर झाली.

परवा कंपनीने विकलेला तोच प्रोग्रॅम तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात अडला. सकाळच्या पाळीतला एकही माणूस रिपोर्टच्या स्क्रीनवर जाईना. प्रोग्रॅमची नोंदवही, म्हणजे लॉग म्हणतो, ‘असा गट नाही.’ ती स्क्रीन उघडायची परवानगी असलेल्या गटात आदल्या संध्याकाळी सहा नवी नावं घातली होती भगवानने. भगवान म्हणजे तिथला कंत्राटी सिस्टिमवाला, परभणीकडचा, अबोल. झालं! मॅनेजर नंदकुमार साहेबांनी निकाल लावून टाकला. “गट पुसलास तू. दुपारी तुझं कार्ड जमा कर.”

“ताई, म्या काय बी पुसलं नाही,” राजश्री पोचताच भगवान म्हणाला. “फाईलीत हाय की गट. कुनी बघायलाच तयार नाही.”

तिने बघितलं. होता! सदतीस नावांसकट, धडधडीत. आणि शेजारच्या खिडकीत प्रोग्रॅम बिनदिक्कत सांगतोय, नाही म्हणून! खुर्ची ओढून ती बसली, चहा आला तो तसाच राहिला.

लॉगिनची नावं बघून ती चमकली. पगाराच्या स्लिपवर असतं तसं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं जोडून! गंगारामचांगदेवठोंबरे. अशी सदतीस. नोंद केवढी झाली असेल? आणि आपण जागा किती दिली होती? तिने कोड उघडला. एक हजार चोवीस बाइट, कायमची. फंक्शन बिचारं ओरडून सांगत होतं की जागा पुरत नाही, आणि खालच्या ओळीत तिनेच लिहून ठेवलं होतं, काहीही एरर आली तरी ‘असा गट नाही’ म्हण.

“सापडलं! अरे सापडलं!” ती अशी किंचाळली की नंदकुमार साहेब केबिनमधून धावत आले. “साहेब, डब्यात भाकरी मावली नाही, म्हणजे घरात भाकरी केलीच नाही, असं होतं का? गट आहे, फक्त मावत नाही!”

“हा गाढवपणा कुणाचा?”

तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं. अकरा वर्षांची शाबासकी होती त्या ओळींवर. दाराशी भगवान गळ्यातलं कार्ड काढून हातात धरून उभा होता.

“माझा!” ती म्हणाली, आणि म्हणताना चक्क हसली. “पूर्ण माझा. याने काहीच केलेलं नाही.”

फोनच्या स्पीकरवर बेलापूरहून तिचे साहेब अभय होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, “राजश्री, क्लायंटसमोर असं बोलू नकोस.”

“बोलले पण, सर!”

मग बोटं भराभर धावली. जागा अपुरी पडली तर दुप्पट कर, पुन्हा विचार, मावेपर्यंत. दुसरी काही एरर आली तर तीच सांग, खोटं नको. आणि एररही नाही, नोंदही नाही, तरच म्हण की गट नाही. टेस्टच्या मशीनवर चाललं, मग खऱ्या मशीनवर टाकलं. स्क्रीन उघडली. पाळीवाल्यांनी टाळ्याच वाजवल्या.

नंदकुमार साहेब खाकरले. “भगवान, ते कार्ड घाल गळ्यात.”

भगवानने घातलं नाही. आधी खिशातून मोबाईल काढला आणि घरी लावला.

“ऐकती का,” तो म्हणाला, “म्या पुसलं नव्हतं.”