थोरल्या मामांचा जलप्रलय

आमच्या थोरल्या मामांनी ज्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली नाही, असा आजारी माणूस अख्ख्या देवणीत सापडायचा नाही. मामा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. हिंदू असो, मुसलमान असो, लिंगायत असो, गोळ्यांची पुडी हातात दिली की ते विचारायचे, "प्रार्थना करू का?" आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटायचे. देवाला ते रोग्याचं नाव, गल्ली, ताप किती, सगळं सविस्तर सांगत, जणू वर दुसऱ्या पाळीचा कंपाउंडर बसला आहे. नुसत्या प्रार्थनेवर राहणाऱ्याला मात्र झापायचे. "गोळी काय सैतानानं केली व्हय? गीळ आधी, मग आमेन म्हण." मामांच्या घरासमोरचे शिंपी चाचा म्हणायचे, "कंपाउंडरसाब की दुआ बी लगती, सुई बी लगती."

मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या हाती मोबाइल आला. त्यात कोणी एक सूटवाले उपदेशक रोज सांगत, की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि हे न मानणारा विश्वासणारा नव्हेच. तेव्हापासून मामांना चैन पडेना. माझ्या धाकट्या भावाच्या दप्तरावर डायनासोर होता. मामा घरी आले की दप्तराचं तोंड भिंतीकडे करून मगच पाणी घ्यायचे. जलप्रलयात नोहाच्या तारवात बैलजोडी चढली ती आमच्या देवणी जातीचीच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "एवढं देखणं जनावर नोहा मागं ठेवंल व्हय?" या एका मुद्द्यावर गावातल्या सगळ्या धर्मांचं त्यांच्याशी एकमत होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. नांदेडला भूशास्त्र घेतलं तेव्हा वसतिगृहावर सोडायला मामाच आले होते. फाटकात माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाच्या हातचं काम शिकायला चाललीस. नीट बघ." मी नीट बघितलं, एवढंच झालं.

नाताळात आमच्या चर्चच्या पटांगणात साऱ्या गावासाठी कार्यक्रम असतो. पूर्वी मामा तिथं वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीतला जखमी माणूस उदगीरच्या रस्त्यावर पडलेला असायचा, आणि ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. गेल्या नाताळात मात्र त्यांनी चर्चच्या विहिरीतून तांबड्या मातीचं एक ढेकूळ काढून आणलं आणि माइकसमोर उंच धरलं. "हा बघा जलप्रलयाचा गाळ! आपल्याच विहिरीत हाय!"

शिंपी चाचांची लेक शबाना लातूरला राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. ती उभी राहिली. "मामू, विहिरीत तांबडे पट्टे तर दोन हायत. पूर दोनदा आला का?"

पटांगणात हशा उसळला. मामा लालबुंद झाले. "दुसरा पट्टा सैतानानं घातला, तुमी फसावं म्हणून!"

मग तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मामांनी माझ्याकडे बोट केलं. "तू सांग ह्यांना. हेच शिकायलीस ना तू?"

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. तरी उठले. म्हटलं, लाव्हा थंड झाला की त्यावर हळूहळू माती तयार होते, पुन्हा वरून लाव्हा येतो, ती माती भाजून तांबडी होते. दोन पट्टे म्हणजे हे दोनदा झालं, आणि त्याला फार, फार काळ लागतो.

मामा माइकवरूनच म्हणाले, "मग येशूबी खोटा म्हण की!"

मी "नाही" म्हटलं. पण माझ्यापुढे माइक नव्हता. त्यानंतर मामा क्षमेबद्दल बोलले, वैऱ्यावर प्रीती करण्याबद्दल बोलले, पूर्वीइतकंच सुंदर बोलले. लोक अजून पुरावरच हसत होते.

त्यांचा मुलगा, माझा दादा, पुण्यात कंपनीत असतो आणि चर्चला येत नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "पप्पाच म्हणले, एक खोटं तर सगळंच खोटं. मी त्यांचंच ऐकलं." मला त्याच्यासारखं जमत नाही. नांदेडला दर रविवारी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. खडकाचं वय मला ठाऊक असतं आणि प्रभूची प्रार्थनाही मी मनापासून म्हणते. या दोन्हींत भांडण आहे असं मला कधी वाटलं नाही. ते मामांना कसं सांगावं, हे मात्र अजून कळत नाही.

ईस्टरला घरी आले तेव्हा चाचा अंथरुणाला खिळले होते. संध्याकाळी मामांकडे गेले, तर ते इस्त्रीचा कोट घालून ओट्यावर बसलेले. समोरच्या घरात माणसांची ये-जा चालू होती. बोलवायला कोणी आलं नव्हतं.

"मामा, चला ना. आपणच जाऊ."

"काय करू जाऊन? मी डोळे मिटले की त्या पोरीला पूर आठवंल."

"तिचे अब्बा आजारी आहेत. ती हसणार नाही."

"हसणार न्हाई," मामा म्हणाले, "पण ऐकणारबी न्हाई."

समोरच्या खिडकीत दिवा लागला. मग मामांनी कोटाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "तू कर प्रार्थना. हितूनच कर." त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली घातली. त्यांना असं दुसऱ्याच्या शब्दांची वाट बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

देवा, चाचांना बरं कर, एवढं म्हणून मी अडले. मला माझे शब्द नको होते. मला मामांचे हवे होते.